दिनेश दत्तू पगारे नववी पास असल्याबाबत

मी, कुमारी पुतळा कोंडाजी पगारे, वय वर्षे चौसष्ट, सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षिका, विषय गणित, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि कोणीही डोक्यावर बसलेले नसताना लिहून ठेवते. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आहे, पण चौतीस वर्षे नववीच्या वर्गावर काढल्यावर तो कोणालाही असतो. स्मरणशक्ती शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी १९६८ पासूनच्या कोणत्याही वर्गाचा हजेरीपट मला तोंडी विचारावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या महिन्यात एक मसुदा केला होता, तो फाडला. का फाडला ते पुढे येईल.

मसुदा तपासून देणारे वकील नवनाथ हे माझेच विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र दोन पानांत बसतं. कोणाला काय, एवढंच लिहा. का ते लिहायची गरज नसते."

मी म्हणाले, "पायऱ्या न दाखवता उत्तर लिहायची ही सवय तुला दहावीपासून आहे. छत्तीस मिळाले होते."

तेव्हा पायऱ्या लिहीत आहे.

कलम पहिले. माझे वारस.

मी अविवाहित आहे. तीन स्थळे येऊन गेली. मुलगी गणित शिकवते हे कळल्यावर तिन्ही मुलांनी पोहे अर्धेच खाल्ले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जवळचा नातेवाईक एकच, सख्खा धाकटा भाऊ दत्तू कोंडाजी पगारे, एकलहरे वीज केंद्रात नोकरीला. स्वभावाने हट्टी. त्याची बायको आशा आणि मुलगा दिनेश. दत्तू १ मे १९९७ पासून माझ्याशी बोललेला नाही. या अकरा वर्षांत दोन अपवाद झाले. माझा गॅस सिलिंडर चुकून त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने फोनवर "तुझी टाकी आलीय" असे सांगून फोन ठेवला. दुसऱ्यांदा एका लग्नाच्या पंगतीत माझ्याकडे पाहून तो "मीठ" म्हणाला, पण वाढपी माझ्या मागेच उभा होता, त्यामुळे ते मी धरलेले नाही.

कलम दुसरे. भांडणाचे कारण.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिचे नाव लिहीत नाही. एकलहऱ्याच्या रस्त्यावरची माध्यमिक शाळा एवढे पुरे. १९९७ साली दिनेश माझ्याच वर्गात नववीला होता. घरी तो मला आत्या म्हणे, शाळेत बाई. वार्षिक परीक्षेत त्याला गणितात शंभरपैकी एकतीस गुण पडले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात. मी त्याला नापास केले.

निकालाच्या दिवशी दत्तू शाळेत आला. मुख्याध्यापक खंडेराव सर आणि शिपाई रावजी यांच्यासमोर उभा राहून त्याने विचारले, "अक्का, चार मार्कांसाठी घरच्या पोराला नापास केलंस?"

"वर्गात घरचं पोर नसतं. एकसष्ट मुलं असतात."

"त्यातली अडतीस गणितात नापास. मग पोरं मठ्ठ का मास्तरीण?"

तेव्हा माझा धाक असा होता की मी वऱ्हांड्यातून गेले की शेजारचे वर्गही गप्प बसत. मला असे कोणी बोललेले नव्हते. मी म्हणाले, "तुमच्या घरांत गणिताचं नाव निघत नाही, तिथं मी काय करणार? दोष घरात आहे."

"मग घरं बघून ये," असे म्हणून तो निघून गेला, तो गेलाच. खंडेराव सरांनी चहाचा कप इतका वेळ तोंडाला लावून ठेवला की त्यात चहा नसावा.

कलम तिसरे. माझी लुना.

ही गाडी सध्या सुरू होत नाही. ज्याला ती सुरू करता येईल त्याची ती झाली, असे मानावे. दिनेशने दोनदा प्रयत्न करून पाहिला आहे.

पण तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही, कारण जून १९९७ मध्ये मी नापासांची यादी घेऊन या लुनावरूनच अडतीस घरे पालथी घातली. माझा हेतू शुद्ध नव्हता. मी पुरावा गोळा करायला निघाले होते. दोष घरात आहे हे लेखी सिद्ध करून दत्तूच्या हातात ठेवायचे, असे मी ठरवले होते. त्यासाठी वेगळी वही केली होती.

पहिले घर लताबाईंचे. त्या ब्लाउज शिवतात. त्यांच्या संजनाला गणितात आठ गुण होते. मी वही उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "बाई, पोरीला बोलू नका. आमच्या घराण्यातच गणित नाही. मी स्वतः सातवी नापास."

हे बोलताना त्या कापडावर खडूने खुणा करत होत्या. तोंडात टाचण्या होत्या, त्यातूनच पुटपुटत होत्या, "चौतीस छाती, चौथा हिस्सा साडेआठ, वर दीड, दहा. गळ्याला बारावा हिस्सा, पावणेतीनच्या जरा पुढं." दीड मीटर कापडात त्यांनी बाह्यांसकट दोन ब्लाउज बसवले. हाताशी कागद नव्हता.

मी विचारले, "हे आत्ता काय केलंत?"

"कटिंग."

"लताबाई, हे गणित आहे."

त्यांनी टाचण्या काढल्या आणि मला समजावले. "नाही बाई. हे शिवण आहे. गणित वेगळं असतं, त्यात नापास होतात."

मी वहीत काय लिहावे हे मला सुचेना. तारीख लिहिली आणि निघाले.

पुढे नाथा गवंडी. ते घरी नव्हते, बांधकामावर होते. मुलगा डबा घेऊन गेला होता, म्हणून मीही तिथे गेले. नाथांनी पायाच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला सुतळीने तीन फूट मोजले, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट भरेपर्यंत सुतळी सरकवत राहिले. मी विचारले, हे कशासाठी. म्हणाले, "भिंत गुण्यात यायला पाह्यजे. नाय आली तर दार लागत नाय."

"तीन, चार, पाचच का?"

"तसंच असतंय."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याला मी पायथागोरसचे प्रमेय विचारले. त्याने ते एका दमात म्हटले, काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग वगैरे. नाथांनी मला विचारले, "ह्यो काय म्हणतोय?"

"तुम्ही आत्ता केलंत तेच."

"मंग येवढं लांबण कशाला लावलंय?"

मुलाच्या कंपासपेटीत प्लास्टिकचे दोन गुण्ये होते. बापाच्या थैलीत काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या होता. दोन्हींना गुण्याच म्हणतात आणि ते एकाच कामाचे आहेत, हे त्या मुलाला माहीत नव्हते. दोन वर्षे मी त्याला भूमिती शिकवत होते आणि ते सांगायचे मला सुचले नव्हते.

अशी अडतीस घरे झाली. खरे तर सदतीस, कारण दत्तूच्या घरी मी गेले नाही. पुरावा भरपूर मिळाला. तो सगळा माझ्याविरुद्ध होता.

कलम चौथे. फळ्यावरची लाकडी साधने.

मोठा कंपास, दोन गुण्ये आणि मीटरपट्टी शाळेला द्यावी. ती वापरावीत, काचेच्या कपाटात ठेवू नयेत. लाकडी कोनमापक मात्र निवृत्त मुख्याध्यापक खंडेराव सर यांना द्यावा. त्यांनी तो कमावलेला आहे.

त्या घरफेरीनंतर मी खंडेराव सरांकडे गेले आणि म्हणाले की शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मला पालकांचा गणिताचा तास घ्यायचा आहे. त्यांनी वऱ्हांडा दिला. वर्ग दिला नाही, कारण मोठी माणसे बसली तर बाक मोडतील, असे त्यांचे म्हणणे पडले. पहिल्या शनिवारी एकच गृहस्थ आले. त्यांना रेशन कार्डाचे काम वाटले होते.

मग मी युक्ती केली. चिठ्ठी घरोघर पाठवली: यापुढे शनिवारचा गृहपाठ पालकांनी सोडवायचा आहे, तो पाल्याने तपासायचा आहे. आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक लाल पेन दिले.

सोमवारी खंडेराव सरांनी मला बोलावून घेतले. समोर लेखी तक्रार होती. "बाई, एका पालकांना त्यांच्या मुलीने दहापैकी तीन मार्क दिलेत. वर शेरा मारलाय."

"काय शेरा?"

"अक्षर सुधारा."

"अक्षर कसं आहे?"

त्यांनी तक्रार अर्जाकडे बराच वेळ पाहिले. "वाईट आहे," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी चाळीस पालक आले, सगळे भांडायला. भांडण मी फळ्यावर घेतले. ज्याला दहापैकी तीन पडले होते त्याला मी खडू दिला आणि उदाहरण सर्वांसमोर सोडवायला सांगितले. तो अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. त्याने ते तोंडी सोडवले, माझ्यापेक्षा लवकर. लिहिता मात्र येईना. तेव्हा त्याची मुलगी उठली. बाप सांगू लागला आणि ती फळ्यावर लिहू लागली. त्या दिवसापासून तीच आमची पद्धत झाली. आईबापाने सांगायचे, मुलाने लिहायचे, आणि अडले की दोघांनी एकमेकांना दोष न देता पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहायचे. दोष न देण्याचा भाग जमायला दोन वर्षे लागली.

खंडेराव सर लांबून पाहत असत. त्यांचा विषय इतिहास. एका शनिवारी लताबाईंनी त्यांना सरळ विचारले, "सर, किंमत आधी दहा टक्क्यांनी वाढवली अन् मग दहा टक्क्यांनी उतरवली, तर वस्तू आहे त्याच किमतीला मिळंल का?" सर म्हणाले, अर्थात. वऱ्हांड्यातली साठ माणसे त्यांच्याकडे वळली. मग एका सातवीतल्या मुलाने हळूच सांगितले की एक टक्का स्वस्त पडेल. सर तिथेच खाली सतरंजीवर बसले. पुढच्या शनिवारपासून वर्ग मिळाला. बाक एकही मोडला नाही.

१९९७ साली माझ्या नववीत अडतीस नापास होते, २००० साली नऊ. शाबासकी मला एकोणतीस कमी झाल्याबद्दल नको, ते नऊ उरले कसे हे अजून मला खटकते. त्यांची नावे मला पाठ आहेत. नावे इथे लिहीत नाही, त्यातला एक सध्या नगरसेवक आहे.

एक घर मात्र कधी आले नाही. दिनेश पुन्हा नववीतच बसला होता. शनिवारी तो एकटा यायचा. त्याला जोडी हवी म्हणून मी शिपाई रावजींना त्याच्याशेजारी बसवले. रावजींना आकडेमोड पक्की येत होती, पण ते उत्तर आधी सांगून टाकायचे आणि मग दिनेशला ते कसे आले ते शोधावे लागायचे. त्यातून त्याचे भले झाले असावे. तो नववी पास झाला, १९९९ ला दहावीत गणितात दीडशेपैकी एक्क्याण्णव मिळवले, आयटीआयला टर्नर झाला आणि आता अंबडला चांगल्या जागी आहे.

कलम पाचवे. कपाटात सापडलेली एक उत्तरपत्रिका.

हे कलम मी तीन वेळा लिहून खोडले आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये शाळेतले जुने पेपर रद्दीत काढायचे होते. गठ्ठा सोडताना दिनेशची १९९७ ची नववीची उत्तरपत्रिका हाती लागली. भाच्याचे अक्षर म्हणून मी ती चाळली. पहिल्या पानावरच्या चौकटीत पाच प्रश्नांचे गुण माझ्या हातचे: आठ, सहा, पाच, सात, पाच. बेरीज एकतीस. मागे दोऱ्याने बांधलेली पुरवणी होती. पुरवणीत सहावा प्रश्न सोडवलेला होता, मीच तपासला होता, मीच लाल वर्तुळात दहा गुण दिले होते. ते दहा पहिल्या पानावर घ्यायचे राहिले होते.

एकतीस आणि दहा, एक्केचाळीस. मी उभ्या उभ्या सात वेळा बेरीज केली. दिनेश पास होता.

मी काय केले ते लिहिते. उत्तरपत्रिका पिशवीत घालून घरी आणली आणि साड्यांच्या खाली ठेवली. कोणाला सांगितले नाही. मनाची समजूत काढली की मुलगा आता पुढे गेला आहे, जुने कशाला उकरायचे. त्याच आठवड्यात तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यात माझे व्याख्यान होते. विषय होता, चुकांना घाबरू नका. व्याख्यान चांगले झाले. टाळ्या पडल्या.

कलम सहावे. माझे राहते घर.

जेल रोडवरील दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर व बाल्कनी असलेली सदनिका ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मागच्या महिन्याच्या मसुद्यात मी लिहिले होते की ती मी भाचा दिनेश यास "मायेपोटी" देत आहे. नवनाथ वकिलांना शब्द आवडला. मला सही करवेना. माया आहेच, पण घर मी मायेपोटी देत नव्हते. त्याचे एक वर्ष मी खाल्ले होते, त्याची ती भरपाई होती. मग मी खरे कारण लिहायला घेतले आणि अर्ध्यावर थांबले. मृत्युपत्रात कबुली देण्याची मोठी सोय असते. वाचणारा जाब विचारायला येतो तेव्हा लिहिणारा घरी नसतो. निकालाच्या दिवशी मामाच्या गावाला जाणारी मुले मी आयुष्यभर पाहिली आहेत. चौसष्टाव्या वर्षी तसे करणे मला शोभेना. मसुदा फाडला.

१२ ऑक्टोबर २००८, विजयादशमीनंतरच्या रविवारी, मी उत्तरपत्रिका पिशवीत घातली आणि रिक्षाने एकलहऱ्याला वसाहतीत दत्तूच्या क्वार्टरवर गेले. दार आशाने उघडले. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आत वळून म्हणाली, "अहो, अक्का आल्यात."

दत्तू पेपर वाचत होता. तो त्याने आणखी वर धरला. दिनेश सुट्टीमुळे घरीच होता. त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानेच उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली, पुरवणी उघडली, लाल वर्तुळावर बोट ठेवले आणि सांगितले, "दिनेश, हे दहा गुण मी धरले नव्हते. तू नववीत पास होतास. मला हे नऊ वर्षांपासून माहीत आहे."

दिनेशने उत्तरपत्रिकेकडे पाहिले. म्हणाला, "मला अकरा वर्षांपासून माहीत आहे, आत्या."

मी बसले.

तो म्हणाला, "जूनमध्ये तुम्ही नापास पोरांना पेपर दाखवले होते ना, दोन दोन मिनिटं. तेव्हा मी बेरीज केली होती. एक्केचाळीस आली."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, पुरवणीचे मार्क धरत नसतील."

"असं कुठं असतं का रे?"

"तुमची बेरीज चुकते, असं तरी कुठं असतं?"

मी चौतीस वर्षे शिकवले. वर्गात इतकी शांतता ठेवली की मुलाला स्वतःच्या बरोबर उत्तरापेक्षा माझे चुकलेले उत्तर खरे वाटले.

दत्तूचा पेपर खाली आला होता. त्याने मुलाला विचारले, "मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही पास का नापास, एवढंच विचारलं होतं, आप्पा. पेपर बघतो म्हणाला नव्हता."

आशाने चहा आणला. दत्तूने बशीत ओतला, प्यायला नाही. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं मी बरोबर होतो."

"होतास," मी म्हणाले.

"आणि मला म्हाईत नव्हतं."

त्याला फार हळहळ वाटली असावी. इतकी वर्षे भांडण त्याने निव्वळ अंदाजावर चालवले होते.

घराचे मी दिनेशला तिथेच सांगितले, भरपाई म्हणून. तो हसला. "एका वर्षाला एक फ्लॅट? मग मी दोनदा नापास व्हायला पाहिजे होतो."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. भरपाई म्हणून नको. भाचा म्हणून द्यायचं तर द्या, तेही आईला आणि मला मिळून. आणि ते वर्ष काही फुकट नाही गेलं, रावजी मामा होते." मग म्हणाला, "पण नापास लिहिलंय ते खोडा. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, हा एका वर्षाचा गॅप कसला. मी कावीळ झाली होती म्हणून सांगितलं. अजून ते मला उसाचा रस पाजतात."

त्याप्रमाणे: सदर सदनिका माझ्या पश्चात आशा दत्तू पगारे व दिनेश दत्तू पगारे यांना समान हिश्शाने मिळावी. कारण: नातेवाईक.

कलम सातवे. जाहीर दुरुस्ती.

शाळेच्या जुन्या नोंदवहीत आता फेरफार होत नाही, हे मी चौकशी करून पाहिले. म्हणून माझ्या अधिकारात, त्या वर्षीची वर्गशिक्षिका व परीक्षक या नात्याने, येथे लिहून देते की, दिनेश दत्तू पगारे हा १९९७ च्या नववीच्या वार्षिक परीक्षेत गणित विषयात शंभरपैकी एक्केचाळीस गुण मिळवून उत्तीर्ण झाला होता. त्याला नापास करण्यात परीक्षकाची चूक झाली. या कलमाची प्रत माझ्या मृत्यूची वाट न पाहता त्याच्या सासऱ्यांना द्यावी.

कलम आठवे. बचत व इतर.

बँकेत जे काही असेल त्यातून शनिवारच्या तासासाठी खडू, सतरंज्या आणि लाल पेने घ्यावीत. तास अजून चालू आहे. आता तो लताबाईंची संजना घेते. ती सिन्नरकडे एका शाळेत गणित शिकवते आणि शनिवारी इकडे येते. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. शेरे ती माझ्यासारखेच मारते, ते तिने सौम्य करावेत.

माझ्या मागे बुद्धवंदना व्हावी, बाकी विधी नको. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तीनच भाषणे ठेवावीत, प्रत्येकी पाच मिनिटे. खंडेराव सर पाचात थांबणार नाहीत, म्हणून त्यांना शेवटी बोलवावे आणि जेवण आधी वाढावे.

कलम नववे. आजचा प्रकार.

आज सही करायची म्हणून सर्वांना घरी बोलावले. ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये, असा वकिलांनी सल्ला दिला, म्हणून ज्यांना मी काहीच ठेवलेले नाही त्या लताबाई आणि नाथा गवंडी हे साक्षीला आले आहेत. दोघांनी ते मनाला लावून घेतले नाही. दत्तू आणि दिनेशही आले. दत्तू या घरात अकरा वर्षांनी आला. त्याने आधी नळ तपासला, मग मसुदा मागितला.

पहिल्या कलमातल्या "हट्टी" या शब्दाला त्याने हरकत घेतली. मी म्हणाले, हरकत नोंदवते, शब्द ठेवते. ती येथे नोंदवली आहे. सातव्या कलमापाशी तो थांबला आणि दिनेशला म्हणाला, "तो पेपर कुठंय? आण इकडं."

त्याने चष्मा लावला. पहिल्या पानावरचे आकडे बोटाने एकेक करून मोजले, ओठ हलवत. मग पुरवणी. मग पुन्हा पहिल्यापासून. मग आतली पाने उलटू लागला आणि एका आकृतीवर बोट ठेवून मुलाला म्हणाला, "हे काय काढलंय?"

"समलंब चौकोन, आप्पा. वरची बाजू सहा, खालची दहा, उंची चार. क्षेत्रफळ काढायचं होतं."

"कसं काढलंस?"

"सूत्र आठवत नव्हतं. मग मधे उभी रेघ मारली. इकडं आयत झाला, सहा चोक चोवीस. उरला त्रिकोण, चार चोक सोळाचा निम्मा, आठ."

"चोवीस अन् आठ, बत्तीस," दत्तू म्हणाला. त्याने ते पुन्हा एकदा, कागदाच्या कडेला, स्वतः करून पाहिले.

वकील घड्याळ पाहत होते. नाथा आणि लताबाई मान पुढे काढून आकृती बघत होते. बापलेक एकेक उदाहरण घेत राहिले आणि मी चाळीस मिनिटे तोंड उघडले नाही. नोकरीत असे कधी झाले नव्हते.

शेवटी दत्तूने पुन्हा ते समलंब चौकोनाचे पान काढले आणि माझ्यासमोर धरले. "अक्का, उत्तर बरोबर हाय?"

"आहे."

"मंग चारातले तीनच का दिलेत?"

मी पाहिले. समासात माझ्या अक्षरात लिहिले होते, सूत्र वापरावे. पोराने सूत्राशिवाय, स्वतःच्या डोक्याने, अचूक क्षेत्रफळ काढले होते आणि त्याबद्दल मी त्याचा एक गुण कापला होता. सर्व जण माझ्याकडे पाहत होते. नाथा म्हणाले, "बाई, आमी बी असंच मोजतो."

दुरुस्ती: कलम सातमध्ये "एक्केचाळीस" ऐवजी "बेचाळीस" असे वाचावे. दुरुस्तीच्या शेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दत्तूने मोठ्याने वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. लिहिण्याच्या वेळी मी पूर्ण शुद्धीत होते, हे उपस्थितांनी पाहिले आहे.

स्थळ: जेल रोड, नाशिक रोड
दिनांक: रविवार, १९ ऑक्टोबर २००८

सही: पुतळा कोंडाजी पगारे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. लताबाई, शिवणकाम, सही
२. नाथा, गवंडीकाम, सही

मसुदा पाहिला: नवनाथ, वकील. पाने दोनपेक्षा जास्त झाली आहेत, याची नोंद असावी.